वाचक विचारतात: विंडोज संगणकांवर झॅबिक्स एजंट

या वेळी सांगली जिल्ह्यातून आलेले बरेच प्रश्न एकाच विषयाचे आहेत: ऑफिसातल्या विंडोज संगणकांवर देखरेखीचा एजंट (संगणकाची माहिती सर्व्हरला देणारा छोटा प्रोग्रॅम) बसवायचा आणि त्यांची तब्येत एका जागी बसून पाहायची. बहुतेकांनी झॅबिक्स हे देखरेखीचे मोफत सॉफ्टवेअर निवडले आहे, म्हणून उत्तरे झॅबिक्स ७.० धरून दिली आहेत. सेटिंगची नावे इथे उच्चाराप्रमाणे छापली आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये ती इंग्रजीत आणि मध्ये जागा न सोडता लिहिलेली असतात.

प्रश्न: आमच्या पतसंस्थेचे मुख्य कार्यालय सांगलीत आणि पाच शाखा तासगाव-पलूस भागात आहेत. एकूण २५ संगणक, सगळे विंडोज १० किंवा ११. "कॉम्प्युटर स्लो झालाय" असा फोन आला की माणूस पाठवावा लागतो. सुरुवात कुठून करावी?
— व्यवस्थापक, तासगाव

सर्व्हरपासून. झॅबिक्सचा एजंट विंडोजवर चालतो, सर्व्हर मात्र चालत नाही. त्याला लिनक्स लागते. २५ संगणकांसाठी दोन कोअर आणि ८ जीबी रॅमचे साधे यंत्र, त्यावर उबुंटू किंवा डेबियन, एवढे पुरेसे आहे. डिस्क एसएसडी घ्या, कारण सर्व्हरचा सगळा ताण डेटाबेसमध्ये सतत लिहिण्यावर असतो. आणि ते यंत्र तळमजल्यावर ठेवू नका. २०१९ आणि २०२१ चे पूर सांगलीत ज्यांनी पाहिले त्यांना कारण सांगायला नको.

एजंट बसवण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते: विचारायला कोण कोणाकडे जाणार? पॅसिव्ह पद्धतीत सर्व्हर प्रत्येक संगणकाच्या १००५० या पोर्टवर (नेटवर्कच्या क्रमांक दिलेल्या दारावर) येऊन माहिती मागतो. ॲक्टिव्ह पद्धतीत संगणकच सर्व्हरच्या १००५१ या पोर्टवर जातो, काय मोजायचे त्याची यादी घेतो आणि मोजलेले आकडे पाठवत राहतो. मुख्य कार्यालयाच्या लॅनमध्ये दोन्ही चालतील. शाखांचे तसे नाही. तिथल्या ब्रॉडबँडला बहुधा स्वतःचा पब्लिक आयपी नसतो, त्यामुळे बाहेरून त्या संगणकापर्यंत पोहोचताच येत नाही. शाखांना ॲक्टिव्हच लागेल. आमचे मत विचाराल तर सगळीकडेच ॲक्टिव्ह ठेवा. दोन पद्धती सांभाळण्याचा व्याप पंचवीस संगणकांसाठी कशाला?

शाखांतून सर्व्हर दिसण्यासाठी दोन मार्ग आहेत. मुख्य कार्यालयाला स्थिर आयपी घेऊन राउटरवर १००५१ हे एकच पोर्ट आत वळवायचे, किंवा शाखांशी व्हीपीएन (इंटरनेटवरूनच जाणारी खासगी, कुलूपबंद वाट) जोडायचे. पतसंस्थेला व्हीपीएन बरे. पोर्ट उघडेच ठेवणार असाल तर पुढे सांगितलेली पीएसके किल्ली (सर्व्हर आणि एजंट दोघांकडे आधीच ठेवलेली एकच गुप्त किल्ली) सक्तीची समजा.

आता इन्स्टॉलेशन. झॅबिक्सच्या संकेतस्थळावरून एजंट २ चा ६४-बिट एमएसआय (विंडोजची इन्स्टॉलर फाइल) उतरवा. डाउनलोडच्या तक्त्यात एनक्रिप्शनचा रकाना असतो. तिथे ओपनएसएसएल निवडा. एनक्रिप्शन नसलेला एजंट घेतला तर पीएसकेच्या ओळी फाइलमध्ये टाकल्यावर सर्व्हिस सुरूच होत नाही. इन्स्टॉलर चालवताना एक महत्त्वाचा पडदा येतो, त्यात असे भरा:

होस्ट नेम: शाखा आणि काउंटर ओळखता येईल असे, उदाहरणार्थ पलूस-कॅश-०१, पण इंग्रजी अक्षरांत. मराठी अक्षरे इथे चालत नाहीत.

झॅबिक्स सर्व्हरचा आयपी: ज्याला पॅसिव्ह प्रश्न विचारण्याची मुभा आहे तो. फक्त ॲक्टिव्ह वापरणार असाल तर इथे १२७.०.०.१ टाका, म्हणजे बाहेरचे कोणीच विचारू शकणार नाही.

ॲक्टिव्ह चेक्ससाठीचा सर्व्हर: इथे खरा पत्ता. लॅनमध्ये आतला आयपी, शाखांत व्हीपीएनचा किंवा स्थिर आयपी.

एनेबल पीएसके: टिक करा. पुढच्या पडद्यावर किल्लीचे नाव आणि किल्ली मागितली जाते. किल्ली किमान ३२ हेक्स अंकांची (० ते ९ आणि ए ते एफ) लागते. आम्ही ६४ अंकांची सुचवू. ती लिनक्स सर्व्हरवर ओपनएसएसएलनेच तयार करून घ्या, मनाने अंक टाइप करू नका. किल्लीचे नाव नेटवर्कवरून उघडे जाते, म्हणून नावात काहीही गुपित नसावे.

त्यानंतर सर्व्हरवर डेटा कलेक्शनमधल्या होस्ट्समध्ये अगदी त्याच नावाचा होस्ट (त्या संगणकाची नोंद) तयार करा, "विंडोज बाय झॅबिक्स एजंट ॲक्टिव्ह" हे टेम्प्लेट (काय मोजायचे आणि कधी इशारा द्यायचा याचा तयार साचा) जोडा, एनक्रिप्शनच्या टॅबमध्ये तेच नाव आणि तीच किल्ली भरा. काही मिनिटांत लेटेस्ट डेटामध्ये आकडे दिसू लागतात. आधी मुख्य कार्यालयातला एक आणि एका शाखेतला एक असे दोनच संगणक जोडा. ते दोन दिवस नीट चालले तर बाकीचे.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. एजंट त्यावर चालेल, पण पैशांचे व्यवहार होणाऱ्या काउंटरवर ते यंत्र किती दिवस ठेवायचे, हा विषय संचालकांपुढे न्यायला हवा.

प्रश्न: आमच्या पॅथॉलॉजी लॅबमधल्या चार संगणकांवर एजंट बसवला. सर्व्हिसेसमध्ये "रनिंग" दिसते, तरी सर्व्हरवर एकही आकडा येत नाही. दोनदा काढून पुन्हा बसवला.
— वाचक, मिरज

पुन्हा बसवून उपयोग नाही. सर्व्हिस रनिंग आहे याचा अर्थ एजंट जागा आहे एवढाच. तो कोणाशी बोलू शकतो का, हे त्यावरून कळत नाही. सी ड्राइव्हवर प्रोग्रॅम फाइल्समध्ये झॅबिक्स एजंट २ नावाचा फोल्डर असतो. त्यातली लॉग फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि शेवटच्या वीसएक ओळी वाचा.

"नो ॲक्टिव्ह चेक्स ऑन सर्व्हर" आणि पुढे "होस्ट नॉट फाउंड" असे असेल तर नेटवर्क ठीक आहे, नाव जुळत नाही. एजंटच्या फाइलमधले होस्टनेम आणि सर्व्हरवरचे होस्ट नेम अक्षरन् अक्षर सारखे लागते. लहान-मोठ्या अक्षरांचा फरक धरला जातो, आणि हायफनऐवजी अंडरस्कोअर पडला तरी जुळत नाही. सर्व्हरवर "व्हिजिबल नेम" असाही रकाना आहे. तो फक्त दाखवण्यासाठी आहे, जुळणी त्याच्याशी होत नाही. पुष्कळ जण नाव तिथे दुरुस्त करतात आणि मग कोड्यात पडतात.

लॉगमध्ये "रिजेक्टेड, अलाउड होस्ट्स" असे दिसले तर पॅसिव्ह प्रश्न आला, पण ज्या आयपीवरून आला तो "सर्व्हर" या ओळीत नाही. सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डे असली किंवा मध्ये राउटर पत्ता बदलत असला की असे होते. लॉगने जो आयपी नाकारला म्हणून सांगितले तोच त्या ओळीत स्वल्पविराम देऊन जोडा.

लॉगमध्ये काहीच तक्रार नसेल आणि सर्व्हरच्या बाजूला कनेक्शनचा दोष दिसत असेल, तर शब्द नीट वाचा. "टाइम्ड आउट" म्हणजे वाटेत फायरवॉल पाकीट गिळते आहे. "रिफ्यूज्ड" म्हणजे संगणकापर्यंत पोहोचलो, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही: सर्व्हिस बंद आहे किंवा पोर्ट बदललेले आहे. एमएसआयने बसवलेला एजंट विंडोज फायरवॉलमध्ये स्वतःचा नियम टाकतो. झिप उघडून हाताने बसवलेला एजंट टाकत नाही. आणि संगणकावर वेगळा विकतचा अँटिव्हायरस असेल तर त्याची स्वतःची फायरवॉल असते; तिथे विंडोजच्या नियमाला कोणी विचारत नाही. लॅबमध्ये हेच कारण असण्याची शक्यता मोठी.

ॲक्टिव्हसाठी उलट बाजूने तपासा. त्या संगणकावर पॉवरशेल उघडून टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा सर्व्हरचा आयपी आणि पोर्ट १००५१ देऊन चालवा. शेवटच्या ओळीत ट्रू आले तर वाट मोकळी आहे. नुसता पिंग करून ठरवू नका: पिंग चालतो पण पोर्ट बंद, किंवा पोर्ट उघडे पण पिंग बंद, असे दोन्ही प्रकार रोजचे आहेत.

फाइल बदलताना तीन गोष्टी नडतात. नोटपॅड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडला नाही तर प्रोग्रॅम फाइल्समध्ये सेव्ह होत नाही, आणि घाईत लोक ती डेस्कटॉपवर सेव्ह करून मोकळे होतात. ओळीच्या सुरुवातीचे हॅश चिन्ह काढले नाही तर ती ओळ नसल्यासारखीच. आणि फाइल यूटीएफ-८ मध्ये, पण बीओएम (फाइलच्या सुरुवातीची अदृश्य खूण) शिवाय सेव्ह करावी लागते. नोटपॅडच्या सेव्ह ॲजमध्ये हा पर्याय खाली असतो. बदलानंतर सर्व्हिस रीस्टार्ट केल्याशिवाय काहीही लागू होत नाही.

प्रश्न: शाळेच्या लॅबमध्ये ३० संगणक एकाच इमेजवरून क्लोन केले आहेत. एजंट इमेजमध्येच घातला होता. सर्व्हरवर एकच संगणक दिसतो आणि त्याचा आलेख वेड्यासारखा वर-खाली जातो.
— संगणक शिक्षक, जत

तीसही संगणक एकाच नावाने आकडे पाठवत आहेत, आणि सर्व्हर ते एकाच खात्यावर मांडतो. इन्स्टॉलरने मूळ संगणकाचे नाव होस्टनेमच्या ओळीत लिहून ठेवले आणि क्लोनबरोबर ते सगळीकडे गेले.

उपाय: इमेजमधल्या फाइलमध्ये होस्टनेमची ओळ हॅश लावून बंद करा. ओळ नसली की एजंट विंडोजलाच संगणकाचे नाव विचारतो. अर्थात प्रत्येक संगणकाचे विंडोजमधले नाव वेगळे हवे, आणि ते १५ अक्षरांच्या आत ठेवा. या वाटेने येणारे नाव नेटबायोसचे असते, त्यापुढची अक्षरे कापली जातात.

तीस होस्ट हाताने तयार करण्याचीही गरज नाही. फाइलमध्ये होस्टमेटाडेटा या ओळीत एखादी खूण लिहा, समजा "जतलॅब" हे इंग्रजीत. सर्व्हरवर अलर्ट्स, ॲक्शन्स, ऑटोरजिस्ट्रेशन ॲक्शन्समध्ये अट घाला: मेटाडेटात ही खूण असेल तर होस्ट जोड, अमुक गटात टाक, ॲक्टिव्ह टेम्प्लेट लाव. संगणक सुरू होतील तसे स्वतःच यादीत येतील.

लॅबमध्ये रीस्टार्टनंतर सगळे पूर्ववत करणारे फ्रीझ सॉफ्टवेअर असेल तर आधी ते उघडून मग बदल करा. नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी फाइल पहिल्यासारखी.

प्रश्न: कारखान्यातल्या व्हीएमसी (धातू कापणाऱ्या संगणकचालित) मशीनजवळचा पीसी विंडोज ७ वर आहे. त्यावर चालेल का?
— मेंटेनन्स विभाग, कुपवाड एमआयडीसी

एजंट २ नाही. तो गो भाषेत लिहिलेला आहे आणि त्याला विंडोज १०, सर्व्हर २०१६ किंवा त्यापुढचे विंडोज लागते. सी भाषेतला जुना "झॅबिक्स एजंट" घ्या. विंडोज ३२-बिट असेल तर त्याचा ३२-बिट एमएसआय. जुनी आवृत्तीही चालते: सर्व्हर नवा आणि एजंट जुना ही जोडी जमते. एजंट नवा आणि सर्व्हर जुना, असे मात्र करू नका.

त्या पीसीवरून मशीनला थेट प्रोग्रॅम जात असेल तर मशीन पुरवणाऱ्याला विचारल्याशिवाय काहीही बसवू नका. तो नको म्हणाला तर सर्व्हरवरून फक्त पिंगने लक्ष ठेवा. त्यासाठी विंडोज फायरवॉलच्या इनबाउंड नियमांत "फाइल अँड प्रिंटर शेअरिंग, इको रिक्वेस्ट, आयसीएमपीव्ही४-इन" हा नियम चालू करावा लागतो.

प्रश्न: मार्केट यार्डातल्या आमच्या पेढीत १२ संगणक आहेत. झॅबिक्स चालू झाल्यापासून रोज शंभराच्या वर ईमेल येतात. आता कोणी उघडूनही बघत नाही.
— हळद व्यापारी, सांगली

मग देखरेख असून नसल्यासारखीच. पहिल्याच दिवशी ईमेलची गाळणी लावा: अलर्ट्समधल्या ट्रिगर ॲक्शन्समध्ये अट घाला की तीव्रता "हाय" किंवा त्यावर असेल तरच ईमेल जाईल. बाकीचे पडद्यावर दिसत राहू दे.

त्यानंतर मुळाकडे. टेम्प्लेट सर्व्हरसाठी लिहिल्यासारखे कडक आहे, टेबलावरचा संगणक मात्र रात्री बंद होतो, सकाळी सुरू होतो. त्यामुळे रोज संध्याकाळी "संपर्क तुटला" आणि सकाळी "रीस्टार्ट झाला" असे बारा-बारा इशारे येणारच. संपर्काचा ट्रिगर (इशारा उठवणारा नियम) टेबलावरच्या संगणकांसाठी सरळ बंद करा. तो फक्त हिशेबाच्या सर्व्हरला आणि बॅकअपच्या यंत्राला हवा. पेढीच्या बंद वेळेसाठी मेंटेनन्स पीरियडही लावता येतो, पण हंगामात दुकान उशिरापर्यंत उघडे राहते, तेव्हा तो आड येतो.

दुसरा गोंधळ सर्व्हिसेसचा. टेम्प्लेट ऑटोमॅटिक सुरू होणाऱ्या सगळ्या सर्व्हिसेस शोधून एखादी थांबली की ओरडते. पण विंडोजमधल्या कित्येक सर्व्हिसेस काम झाले की आपणहून थांबतात. अपडेटर मंडळी त्यातलीच. वगळायच्या नावांचा एक मॅक्रो (आपल्याला बदलता येणारी किंमत) टेम्प्लेटमध्ये आहे, त्यात नेहमीची नावे आधीच भरलेली असतात. तुमच्याकडची त्रासदायक नावे उभ्या रेघेने जोडा. याच्या उलट करणे आम्हाला जास्त पटते: शोध बंद करून फक्त तीन-चार सर्व्हिसेस हाताने जोडायच्या — हिशेबाच्या सॉफ्टवेअरची, डेटाबेसची, प्रिंट स्पूलरची, बॅकअपची. उत्तर ० आले तर सर्व्हिस चालू, ६ म्हणजे थांबलेली, २५५ म्हणजे त्या नावाची सर्व्हिसच नाही, बहुधा नाव चुकलेले. यादीत दिसणारे नावही चालते, पण इथे सर्व्हिसचे छोटे नाव देणे बरे. गुणधर्मांच्या खिडकीत ते सर्वांत वर दिसते.

डिस्कचा इशारा टक्क्यांवर असतो: ८० वर पिवळा, ९० वर गंभीर. १ टीबीच्या डिस्कला ९० टक्के म्हणजे अजून १०० जीबी मोकळे. १२० जीबीच्या एसएसडीला तेवढ्याच टक्क्यांत १२ जीबी उरतात आणि विंडोज अपडेट अडकते. मर्यादा होस्टनुसार बदला, टेम्प्लेटमध्ये नको.

मोजण्याचा वेगही कमी करता येईल. समजा २५ संगणक, प्रत्येकी ८० मापे, दर मिनिटाला एक: दिवसाला २८,८०,००० नोंदी. एका नोंदीला सुमारे ९० बाइट धरले तर रोज २६० एमबी, महिन्याला ८ जीबीच्या आसपास. डिस्कची मोकळी जागा दर मिनिटाला कशाला मोजायची? पंधरा मिनिटांनी मोजली तरी काही बिघडत नाही.

प्रश्न: संगणक रोज संध्याकाळी शटडाउन करतो, तरी झॅबिक्समध्ये अपटाइम १९ दिवस दिसतो.
— वाचक, विटा

फास्ट स्टार्टअप. विंडोज १० आणि ११ शटडाउन करताना आपला गाभा डिस्कवर गोठवून ठेवतात आणि सकाळी तोच परत उचलतात, म्हणून घड्याळ शून्यावर येत नाही. स्टार्ट मेनूतून "रीस्टार्ट" केले तर येते. कायमचे बंद करायचे असेल तर कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, "चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू", मग वरची निळी ओळ दाबून फास्ट स्टार्टअपची टिक काढा. मात्र त्यानंतर रोज सकाळी रीस्टार्टचा इशारा सुरू होईल. तो बंद करायला विसरू नका.

प्रश्न: वीज गेल्यामुळे संगणक बंद पडला की डिस्क खराब होते आहे म्हणून, हे एजंट सांगू शकेल का?
— सायबर कॅफे चालक, इस्लामपूर

दोन्ही सांगू शकतो, पण मूळ टेम्प्लेटमधून नाही. इव्हेंट लॉगचा (विंडोज स्वतः ठेवते त्या घटनांच्या वहीचा) आयटम, म्हणजे एक माप, स्वतः जोडावा लागतो. प्रकार "झॅबिक्स एजंट ॲक्टिव्ह" आणि माहितीचा प्रकार "लॉग" निवडा. पॅसिव्हमध्ये हा आयटम चालतच नाही. इव्हेंटलॉगच्या कंसात पहिल्या जागी सिस्टीम, पाचव्या जागी इव्हेंटचे क्रमांक आणि सातव्या जागी "स्किप" लिहा. स्किप विसरलात तर एजंट जुन्या नोंदीही एकेक करून पाठवत बसतो.

४१ आणि ६००८ हे क्रमांक संगणक नीट बंद न होता पडला असे सांगतात. का पडला, ते सांगत नाहीत: वीज गेली, कोणी बटण दाबून धरले किंवा निळा पडदा आला, तिन्हींत हेच. ओळखायची युक्ती अशी की एकाच मिनिटाला पाच-सहा संगणकांत ४१ आला तर वीज किंवा सामायिक यूपीएस. एकाच संगणकात वारंवार आला तर त्याचा एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा), किंवा त्याच्याच छोट्या यूपीएसची १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी. ती दोन-तीन वर्षांत दम सोडते आणि लाइट गेल्याच्या क्षणीच कळते.

डिस्कसाठी ७, ५१, ५५ आणि १५३ हे क्रमांक पाहा. ७ म्हणजे खराब ब्लॉक, ५५ म्हणजे फाइल सिस्टीम बिघडली, १५३ म्हणजे वाचन-लेखन पुन्हा करावे लागले. १५३ सारखा येत असेल तर आधी साटा केबल बदलून पाहा, ती स्वस्त आहे. याहून आधीची चाहूल स्मार्टमधून (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदींतून) मिळते: संगणकावर स्मार्टमॉनटूल्सची ७.१ किंवा नवी आवृत्ती बसवा, एजंट २ च्या फाइलमध्ये त्यातल्या स्मार्टसीटीएल या प्रोग्रॅमचा पूर्ण मार्ग द्या आणि "स्मार्ट बाय झॅबिक्स एजंट २" टेम्प्लेट जोडा. हार्ड डिस्कवर ५, १९७ आणि १९८ या गुणांपैकी एखादा शून्यावरून हलला की बॅकअप त्याच दिवशी घ्यावा.

प्रश्न: हा एजंट कर्मचाऱ्यांचा पडदा किंवा टायपिंग बघतो का? आमच्याकडे त्यावरून कुरबुर चालू आहे.
— कार्यालय अधीक्षक, सांगली

नाही. पडद्याचे चित्र किंवा दाबलेल्या कळा तो घेत नाही. सर्व्हरवरून संगणकावर आज्ञा चालवण्याची सोयही मुळात बंदच असते. पण एक दार उघडे असते, त्याची कल्पना फारच थोड्यांना आहे. एजंट लोकल सिस्टीम या खात्यावर चालतो आणि फाइलमधला मजकूर वाचण्याची कळ (इथे कळ म्हणजे कीबोर्डची नव्हे, सर्व्हर ज्या नावाने माहिती मागतो ते नाव) त्याच्याकडे आहे. म्हणजे ज्याच्या हाती झॅबिक्स सर्व्हरचा ॲडमिन पासवर्ड, तो संगणकावरची बरीचशी मजकुराची फाइल वाचू शकतो.

एजंटच्या फाइलमध्ये डिनायकी ही ओळ घालून व्हीएफएस.फाइल.कंटेंट्स आणि व्हीएफएस.फाइल.रेगएक्सप् या दोन कळा बंद करा, नावापुढे चौकटी कंसात तारांकन द्या. लॉग आयटम वापरणार नसाल तर लॉगची कळही तशीच. अलाउकी आणि डिनायकीचे नियम वरून खाली तपासले जातात आणि पहिला जुळलेला नियम लागू होतो. म्हणून एखाद्याच फाइलला परवानगी द्यायची असेल तर तिची अलाउकी ओळ डिनायकीच्या वर लिहा. सर्व्हिस रीस्टार्ट करून सर्व्हरवर त्या कळेचा पॅसिव्ह आयटम "टेस्ट" बटणाने चालवून पाहा. "अननोन मेट्रिक" असे उत्तर आले की ते दार बंद झाले.